हार्लेमच्या उघड्या भिंती आणि अमूर्ताचा प्रश्न

१

अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीशी आपले नाते जुने आहे आणि ते प्रामुख्याने शब्दांचे नाते आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले आणि नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. ड्युबॉइस यांनी त्याच महिन्यात आस्थेने उत्तर दिले. पुढे अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी दलित लेखकांसमोर निग्रो लेखकांचे उदाहरण ठेवले. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर सविस्तर लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, ती ब्लॅक पँथर पक्षाचे नाव डोळ्यांसमोर ठेवूनच. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्याकडच्या महाविद्यालयांत परिचयाची झाली ती या प्रवाहामुळे.

काळे चित्रकार मात्र आपल्यापर्यंत आले नाहीत. याचे एक कारण उघड आहे. कादंबरीचा अनुवाद करता येतो, कवितेचा आशय सांगता येतो, भिंत मात्र जागची हलत नाही. परंतु दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्या चित्रकारांपैकी काहींनी असे काम केले की ज्यात आपल्या ओळखीचे काहीच नव्हते. त्यात साखळदंड नव्हते, उगारलेली मूठ नव्हती, नेत्याचा चेहरा नव्हता, घोषणा नव्हती. होते ते फक्त रंगांचे पट्टे, त्रिकोण आणि तिरक्या रेषा. अशा कामाला विद्रोही परंपरेत जागा कुठे द्यायची, हा प्रश्न तेथेही अनेकांना पडला होता.

हा लेख विल्यम टी. विल्यम्स या चित्रकाराविषयी आणि १९६८ ते १९७० या काळात हार्लेममध्ये काम करणाऱ्या 'स्मोकहाउस असोसिएट्स' या त्यांच्या गटाविषयी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शोषितांच्या कलेला चेहरा हवाच, असा एक नियम आपण नकळत करून ठेवला आहे. विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोडला आणि तो मोडताना ते आपल्या वस्तीपासून तसूभरही दूर गेले नाहीत. हे कसे घडले ते इतिहासाच्या अंगाने पाहिले, तर आपण आपल्या कलावंतांकडून काय मागतो आणि ते कोणत्या अधिकाराने मागतो, याचाही विचार करता येईल.

२

हार्लेमच्या भिंतींचा इतिहास समजल्याशिवाय ही चित्रे समजणार नाहीत. मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागात हार्लेम आहे. १८११ च्या आराखड्याने या बेटावर एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची चौकट आखली. त्या चौकटीत अरुंद, लांबट भूखंड पडले आणि त्यांवर खांद्याला खांदा लावून घरे उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्लेममध्ये तपकिरी दगडाची देखणी घरे बांधली गेली, ती गोऱ्या मध्यमवर्गासाठी. बांधकामाचा सट्टा १९०४-०५ च्या सुमारास कोसळला आणि घरे रिकामी पडली. फिलिप पेटन या काळ्या व्यावसायिकाने १९०४ मध्ये आफ्रो-अमेरिकन रिअल्टी कंपनी काढली आणि या रिकाम्या घरांत काळे भाडेकरू आणले. दक्षिणेतील जाच आणि दारिद्र्य यांना कंटाळून उत्तरेकडे निघालेल्या लोकांचा लोंढा पुढच्या काळात येथे येत राहिला.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. विद्यापीठ मॉर्निंगसाइड हाइट्सच्या उंचवट्यावर आहे आणि त्याला लागूनच खाली हार्लेम पसरलेले आहे. हार्लेम काळ्यांचे होत होते ते नेमके याच वर्षांत.

काळ्यांना शहरात इतरत्र घर मिळत नव्हते. म्हणून हार्लेममधल्या घरमालकाला जास्त भाडे घेता येत होते आणि एका घरात अनेक कुटुंबे कोंबता येत होती. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर हार्लेम तांबड्या रंगाने रंगवले गेले. तांबडा रंग म्हणजे येथे कर्ज देणे धोक्याचे. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पडझड, आणि पडझड झाली की भाग वाईट म्हणून पुन्हा कर्ज नाही, असे हे चक्र होते. कागदावरच्या एका रंगाने वस्तीचे काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. मालक शेवटचा पैसा वसूल होईपर्यंत भाडे घेत आणि मग इमारत वाऱ्यावर सोडून देत. मग इमारत जळे किंवा पाडली जाई.

येथे बांधकामाची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही घरे एकमेकांना चिकटून बांधलेली असल्यामुळे त्यांच्या बाजूच्या भिंतींना खिडक्या नसत. शेजारी दुसरी इमारत येणार हे गृहीत धरूनच ती भिंत बांधलेली असे. दर्शनी भागावर नक्षी, दगडी पायऱ्या, कठडे आणि बाजूला नुसत्या विटा. ही भिंत कुणी पाहणार नाही, असेच बांधणाऱ्याच्या मनात होते. शेजारची इमारत पडली की ती भिंत एकाएकी उघडी पडे. तिच्यावर गेलेल्या घराच्या खुणा राहत. जिन्याची तिरकी रेघ, धुराड्याचा काळा पट्टा, एखाद्या खोलीचा उरलेला रंग. खाली विटामातीचा ढिगारा, कचरा, मोडके सामान. १९६० च्या दशकातल्या हार्लेममध्ये अशा भिंती आणि असे मोकळे भूखंड जागोजागी होते. दुसऱ्या बाजूला महापालिकेच्या गृहनिर्माण संस्थेने जुने रस्ते पुसून उभारलेले उंच, एकसुरी, तांबड्या विटांचे मनोरे होते. माणसाने कुठे पाहावे आणि काय पाहून उभारी धरावी, असे त्या दोन्हींत फारसे नव्हते.

लोक स्वस्थ बसले नव्हते. १९६४ च्या जुलैत एका पोलीस अधिकाऱ्याने जेम्स पॉवेल या १५ वर्षांच्या काळ्या मुलाला गोळी घातली आणि हार्लेम पेटले. त्याच वर्षी 'आर्किटेक्ट्स रिन्यूअल कमिटी इन हार्लेम' ही संस्था निघाली. वस्तीच्या नियोजनात वस्तीचा आवाज असावा, म्हणून वास्तुतज्ज्ञांनी लोकांच्या बाजूने उभे राहावे, हा तिचा हेतू होता. १९६५ मध्ये पश्चिम १२८ व्या रस्त्यावर एका पडीक भूखंडाची छोटी बाग झाली. अशा बागांना तेथे 'व्हेस्ट पॉकेट पार्क' म्हणजे बंडीच्या खिशाएवढी बाग म्हणत. विल्यम्स यांच्या गटाला काम सुरू करायला जागा मिळाली ती अशाच बागांत.

३

विल्यम्स यांचा जन्म १९४२ साली नॉर्थ कॅरोलायनातील क्रॉस क्रीक येथे झाला. बालपण काही दक्षिणेतल्या खेड्यात आणि काही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या सरकारी वसाहतीत गेले. म्हणजे शेतावरचे घर आणि शहरी वसाहतीची एकसारखी खिडकी या दोन्ही गोष्टी त्यांनी आतून पाहिल्या होत्या. प्रॅट इन्स्टिट्यूटमधून ते १९६६ साली पदवीधर झाले आणि १९६८ साली येल विद्यापीठाची उच्च पदवी त्यांना मिळाली. त्यांची त्या काळातील चित्रे धारदार कडांची, भडक रंगांची आणि भूमितीची आहेत. एकमेकांत घुसणारे चौकोन, मध्येच तिरका झालेला पट्टा, चौकटीत अडकलेला आणि चौकट फोडू पाहणारा आकार, असे त्यांचे रूप आहे. 'ट्रेन' हे १९६९ चे चित्र जॅझ वादक जॉन कोल्ट्रेन यांच्या नावाचे आहे.

येलमधून बाहेर पडलेल्या तरुण चित्रकाराला त्या काळी एक सोपा मार्ग होता. गोऱ्यांच्या कलादालनांत अमूर्त चित्रांना मान होता, तिकडे जायचे आणि हार्लेमकडे पाठ फिरवायची. विल्यम्स यांनी कलादालन सोडले नाही आणि हार्लेमही सोडले नाही. १९६८ साली त्यांनी मेल्विन एडवर्ड्स, गाय चार्चिया आणि बिली रोझ यांच्यासह स्मोकहाउस गट उभा केला. 'स्मोकहाउस' म्हणजे मांस धुरावून टिकवण्यासाठी बांधलेली झोपडी. दक्षिणेतून आलेल्या प्रत्येक काळ्या कुटुंबाला हा शब्द घरचा होता. उपासाच्या दिवसांची तरतूद तेथे टांगलेली असे.

या गटाची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. आधी जागा निवडायची. सिल्व्हन प्लेससारखी आडबाजूची गल्ली, एखादी छोटी बाग, पडलेल्या घराशेजारची भिंत. जागा झाडून साफ करायची. वस्तीतल्या माणसांशी बोलायचे आणि त्यांना कामात घ्यायचे. मग भिंतीच्या अंगाने आकार ठरवायचा. भिंत किती उंच आहे, ऊन कोणत्या बाजूने येते, गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसाला किती दिसते, कोपरा कोठे वळतो, विटांचे थर कसे जातात, हे सारे चित्राचा भाग होई. विटांच्या आडव्या ओळींवरून तिरका पट्टा धावे. इमारत म्हणते येथे मी संपते, रंग म्हणतो मी अजून पुढे जातो. न पाहण्यासाठी बांधलेली भिंत आता रस्त्यावरची पाहण्याजोगी गोष्ट होई.

चेहरे का नकोत, याविषयी त्यांची भूमिका स्पष्ट होती. हार्लेमच्या माणसाला त्याचे हाल कसे दिसतात ते दाखवण्याची गरज नाही, ते त्याला रोज दिसतात. त्याच्या डोळ्यांसमोरची जागा बदलली, ती बदलण्यात त्याचा हात लागला, तर बदल शक्य आहे ही जाणीव निर्माण होते. आणि एकदा ती निर्माण झाली की माणूस भिंतीपाशी थांबत नाही. याशिवाय अमूर्त आकार कुणाचे नाव घेत नसल्याने कुणाला वगळतही नाही. पोर्तो रिकोतून आलेला शेजारी, दक्षिणेतून आलेली म्हातारी, शाळा सोडलेला मुलगा, सर्वांना त्या भिंतीसमोर सारखेच उभे राहता येते.

यात मेल्विन एडवर्ड्स यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९६३ पासून ते 'लिंच फ्रॅगमेंट्स' नावाची पोलादी शिल्पे करत होते. साखळ्या, खिळे, कोयंडे, हत्यारांचे तुकडे एकत्र सांधलेली ही शिल्पे माणसाच्या चेहऱ्याइतकी असतात आणि भिंतीवर लावली जातात. जमावाने झाडाला टांगून मारलेल्या काळ्यांची आठवण त्यांच्या नावातच आहे. म्हणजे हा माणूस जखम विसरलेला नव्हता. परंतु कलादालनात, जेथे गोरा प्रेक्षक येतो, तेथे त्याने लिंचिंगचे नाव ठेवले आणि हार्लेमच्या गल्लीत, जेथे पोरे खेळतात, तेथे रंगाचा पट्टा ओढला. कोणती गोष्ट कुणाला दाखवायची याचा हा विवेक आहे.

४

या कामावर आक्षेप घेणारे होते आणि त्यांचे म्हणणे हलके नव्हते. भिंतीवर काळा चेहरा दिसावा यासाठी हार्लेमला पूर्वी भांडावे लागले होते. १९३६ साली सरकारी कलायोजनेत चार्ल्स ॲल्स्टन आणि इतर काळ्या चित्रकारांना हार्लेम रुग्णालयाची भित्तिचित्रे करायची होती. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी आक्षेप घेतला की या चित्रांत निग्रो विषय फार आहे. ज्या वस्तीतल्या रुग्णांनी खाटा भरलेल्या होत्या, त्या वस्तीचे चेहरे भिंतीवर मात्र नकोत! चित्रकारांच्या संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा ती चित्रे पार पडली. जो हक्क झगडून मिळवला, तो ३२ वर्षांनी आपल्याच तरुणांनी आपणहून का सोडावा, असे कुणी विचारले तर ते रास्त होते.

दुसरे उदाहरण शिकागोचे. १९६७ साली तेथील दक्षिण भागात, ४३ वा रस्ता आणि लँगली अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर, 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' म्हणजे सन्मानाची भिंत उभी राहिली. विल्यम वॉकर, जेफ डोनाल्डसन, वॉड्सवर्थ जॅरेल, बार्बरा जोन्स आदी चित्रकारांनी एका जुन्या इमारतीवर माल्कम एक्स, ड्युबॉइस, मुहम्मद अली, नीना सिमोन, कोल्ट्रेन अशा काळ्या स्त्रीपुरुषांची चित्रे काढली. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनी त्या भिंतीवर कविता लिहिली. लोक तेथे जमत, गात, भाषणे करत. देशभर अशा भिंतींची लाट आली ती येथून. भिंत रंगवणे म्हणजे काय याची व्याख्याच या भिंतीने ठरवून टाकली. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. त्या भिंतीची मांडणी सिल्व्हिया ॲबरनॅथी या तरुणीने केली होती आणि तिने इमारतीच्या खिडक्या, दारे आणि उभे भाग यांच्या आधाराने भिंतीचे विभाग पाडले होते. म्हणजे चेहऱ्यांच्या त्या भिंतीखालीही रचनेचा, आकाराचा विचार होताच. ज्यांना आपण दोन टोके समजतो त्यांच्यात इतके अंतर नाही.

तिसरा आक्षेप वैचारिक होता. १९६५ मध्ये अमिरी बराका यांनी हार्लेममध्ये काळ्यांची नाट्यशाळा काढली, १९६८ मध्ये लॅरी नील यांनी 'ब्लॅक आर्ट्स मूव्हमेंट' या नावाचा निबंध लिहिला. काळ्या कलेने उपयोगी असावे, सामूहिक असावे आणि बांधिलकी मानावी, असा निकष रॉन कारेंगा यांनी मांडला होता. या वातावरणात अमूर्त चित्र म्हणजे गोऱ्यांच्या दालनाची नक्कल, असा शिक्का बसणे स्वाभाविक होते. स्टुडिओ म्युझियम इन हार्लेम ही संस्था सप्टेंबर १९६८ मध्ये फिफ्थ अव्हेन्यूवरच्या भाड्याच्या जागेत सुरू झाली. तिचे पहिलेच प्रदर्शन टॉम लॉइड यांच्या विजेच्या दिव्यांच्या अमूर्त रचनांचे होते आणि त्यावरूनही वाद झाला. मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या एका परिसंवादात रोमेर बीर्डन अध्यक्षस्थानी होते. विल्यम्स, लॉइड, सॅम गिलियम, रिचर्ड हंट, जेकब लॉरेन्स आणि हेल वुड्रफ बोलायला होते. 'काळी कला' अशी वेगळी कला असते का, यावर तेथे खडाजंगी झाली. गंमत अशी की काळी कला आहे असे ठासून सांगणारे लॉइड स्वतः दिव्यांची अमूर्त कामे करत होते. १९६९ च्या जानेवारीत हा परिसंवाद प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात त्याच म्युझियमने 'हार्लेम ऑन माय माइंड' हे प्रदर्शन भरवले आणि त्यात हार्लेमच्या चित्रकार-शिल्पकारांची चित्रे-शिल्पे ठेवलीच नाहीत. बाहेर निदर्शने झाली. हार्लेमचे फोटो चालतात, हार्लेमचा कलावंत चालत नाही, हे प्रस्थापितांचे धोरण त्यातून उघडे पडले.

आता कारेंगा यांचाच निकष घेऊन स्मोकहाउसकडे पाहू. उपयोगी? घाणीची जागा बसण्याजोगी झाली. सामूहिक? भिंतींवर एका चित्रकाराची सही मिरवली नाही, काम गटाचे आणि वस्तीचे होते. बांधिलकी? ज्या गल्लीत कुणी समीक्षक फिरकणार नाही तेथे हे लोक रंगाचे डबे घेऊन उभे होते. तिन्ही कसोट्यांना हे काम उतरते. उतरत नाही ते फक्त एका न सांगितलेल्या चौथ्या कसोटीला, की काळ्या कलेत काळा माणूस दिसला पाहिजे. ही चौथी कसोटी चळवळीची आहे की प्रस्थापितांनी आपल्या गळी उतरवलेली आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

५

परंतु स्मोकहाउसचे कौतुक करून थांबणे इतिहासाला धरून होणार नाही. रंग लावल्याने भाडे कमी होत नाही. ज्या काळात हे काम चालू होते, त्याच काळात, १९६९ साली, १२५ वा रस्ता आणि सेव्हन्थ अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर राज्य सरकारने आपल्या कार्यालयासाठी इमारती पाडून जागा मोकळी केली. हार्लेमच्या लोकांनी त्या जागेचा ताबा घेतला, तिला 'रिक्लमेशन साइट नंबर १' असे नाव दिले आणि येथे घरे व शाळा हव्यात अशी मागणी केली. काही महिन्यांत पोलिसांनी त्यांना हटवले. त्या जागी १९ मजली सरकारी इमारत उभी राहिली. जमीन कुणाची, हा प्रश्न भिंतीवरच्या कोणत्याही चित्राने सुटला नाही.

भिंत तरी कुणाची होती? शिकागोची सन्मानाची भिंत १९७१ मध्ये आगीत सापडली आणि नंतर ती इमारत पाडली गेली. स्मोकहाउसच्या भिंतींपैकी आज एकही शिल्लक नाही. चेहऱ्याची भिंत गेली आणि रंगाच्या पट्ट्यांची भिंतही गेली, कारण दोन्ही भिंतींचे मालक दुसरेच होते. येथे दोन्ही पक्षांचा इतिहास एक होतो.

फरक पडला तो नंतर. सन्मानाची भिंत पडूनही आठवणीत राहिली. तिच्यावर लिहिले गेले, चळवळीच्या इतिहासात तिला मानाचे पान मिळाले. स्मोकहाउस मात्र विस्मरणात गेले. मिशेल ओरेन यांनी १९९० साली या गटावर एक अभ्यासपूर्ण लेख लिहिला. स्टुडिओ म्युझियमने या गटावरचे पुस्तक प्रसिद्ध केले ते २०२२ साली, म्हणजे काम थांबल्यावर ५२ वर्षांनी. याचा अर्थ लावणे कठीण नाही. इतिहास लिहिणारा दस्तऐवज शोधतो आणि दस्तऐवजात त्याला विधान हवे असते. चेहरा हे विधान आहे, नाव हे विधान आहे. झाडून साफ केलेली गल्ली आणि तिच्यातला पिवळा पट्टा हे विधान म्हणून कुणी वहीत टिपून घेत नाही. शोषितांच्या श्रमाचा मोठा भाग असाच इतिहासाबाहेर राहिलेला आहे. रस्ता कुणी बांधला हे रस्त्यावर लिहिलेले नसते.

विल्यम्स यांनी १९७१ पासून अनेक दशके ब्रुकलिन कॉलेजात शिकवले. तरुण काळ्या कलावंतांना काम करायला जागा द्यावी ही स्टुडिओ म्युझियमची योजना त्यांच्याच आग्रहातून सुरू झाली आणि तिच्यातून कलावंतांच्या कित्येक पिढ्या घडल्या. त्या म्युझियमची नवी इमारत १२५ व्या रस्त्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये खुली झाली, तेव्हा टॉम लॉइड यांच्या त्याच दिव्यांच्या रचना पुन्हा मांडल्या गेल्या. १९६८ मध्ये ज्यांवरून वाद झाला, त्या आता संस्थेच्या वारशाचा भाग आहेत.

६

हे सारे आपल्याला कशासाठी हवे? मी इतिहास शिकवते. स्मोकहाउसच्या भिंतींची छायाचित्रे वर्गात दाखवली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, यात आपली माणसं कुठं आहेत?" प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला मुळे आहेत. आपल्या वस्तीत विहाराच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतात, ते सजावट म्हणून नव्हे. हजारो वर्षे ज्यांना गावाच्या भिंतीआत जागा नव्हती, त्यांनी स्वतःच्या भिंतीवर स्वतःचा माणूस लावला आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन १० माणसे मेली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ साली झाला आणि नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात घरे जळाली, माणसे मारली गेली. ज्या समाजाने चेहऱ्यासाठी आणि नावासाठी एवढी किंमत मोजली, त्याला 'चेहऱ्याशिवायही चित्र असते' असे हस्तिदंती मनोऱ्यातून कुणी सांगू नये.

म्हणूनच हार्लेमचे उदाहरण कामाचे आहे. ते मनोऱ्यातून आलेले नाही. ते अशा माणसांकडून आले आहे, ज्यांना चेहऱ्याची किंमत ठाऊक होती. आणि त्यांनी चेहऱ्याला नकार दिला नाही. चेहऱ्याखेरीज आणखीही काही मागण्याचा आपला हक्क आहे, एवढेच त्यांनी सांगितले.

हा हक्क आपल्याला सहज मिळत नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. चर्चासत्रांत मला बोलावतात तेव्हा बहुधा अनुभव सांगायला बोलावतात. मध्ययुगीन जमीनमहसुलावर माझा अभ्यास आहे, त्यावर बोलायला दुसरे कुणी असते. दलित कवीने निसर्गावर लिहिले की तो पळपुटा ठरतो, दलित चित्रकाराने झाडू आणि मडके काढले नाही की त्याची जात कशी कळणार असा पेच समीक्षकाला पडतो. वेदना, विद्रोह आणि नकार हे शब्द आपल्या लेखकांनी शस्त्र म्हणून घडवले. प्रस्थापितांनी त्यांचे कुंपण केले आणि त्या कुंपणाच्या आत आपल्याला मान दिला. आपलेच काही टीकाकार त्या कुंपणाची राखण करू लागले आहेत, हे अधिक खेदाचे आहे.

दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. रंग हा झाकण्याचाही उपाय आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भेटीपूर्वी अहमदाबादेत रस्त्याकडेच्या एका झोपडपट्टीच्या पुढे भिंत बांधली गेली. ही भिंतही शहराच्या रचनेला दिलेला एक प्रतिसादच म्हणायचा! उद्या तिच्यावर कुणी सुंदर अमूर्त आकार काढले तर ती स्मोकहाउसची भिंत होणार नाही. शहरांच्या सुशोभनासाठी आज पुलांखाली आणि वस्त्यांच्या कडेला भिंती रंगवल्या जातात. त्यातल्या बहुतेक भिंतींपुढे राहणाऱ्या माणसांना कोणता रंग हवा हे कुणी विचारत नाही.

तेव्हा भिंतीवर चेहरा आहे की नाही, या प्रश्नावर आपण फार वेळ घालवू नये. जागा कुणी निवडली, राहणाऱ्यांना विचारले का, काम कुणाच्या हातांनी झाले, आणि ती भिंत व तिच्याखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, हे आधी विचारावे. या कसोटीला शिकागोची भिंत आणि हार्लेमच्या भिंती शेजारी शेजारी उभ्या राहतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र दोघींकडे नव्हते, आणि ते केवळ चित्रकारांकडून मागणे अन्यायाचे आहे. ते काम संघटनेचे आहे.

विद्यार्थ्याला मी तेव्हा इतकेच सांगितले की आपली माणसे त्या चित्रात नाहीत, ती त्या चित्रासमोर उभी आहेत. छायाचित्र नीट पाहिले तर दिसतात. त्यांच्या मागे जे रंग आहेत, ते त्यांच्या दुःखाचे चित्र काढायला कुणी लावलेले नाहीत. ते त्यांनी स्वतः, आपल्या गल्लीसाठी, निवडून लावलेले आहेत.